गुलामभाई उभे राहतील तिकडं

कोच झाल्याच्या पहिल्याच दिवशी गुलाम रसूलनं आपल्याच टीमची चार पोरं लंगडी केली.

नांदेडच्या क्लबसाठी तो बरीच वर्षं मिडफिल्डला खेळला. हदगावपासून देवणीपर्यंत त्याचा टॅकल न खाल्लेली नडगी सापडणं अवघड. मग गुडघा गेला. पण एकच गेला होता, दुसरा पाय शाबूत होता. प्रॅक्टिसला तो मैदानाच्या मधोमध उभा राहायचा आणि जवळ येईल त्याला आडवा करायचा.

"भाई, आम्ही आपल्याच टीमचे हाय की!" कॅप्टन अनस नडगी धरून कळवळला.

"मग काय झालं? मॅचमधी समोरचा विचारून मारणार हाय का?"

क्लबचे अध्यक्ष साहेबराव लांबून बघत होते. म्हणाले, "गुलामभाई, लातूरची मॅच हारली तर दुसरा कोच आणणार. मग रुसायचं न्हाई." गुलामभाईला एकच घोर लागला, मैदान सुटलं तर करायचं काय?

पोरं मात्र एक गोष्ट पक्की शिकली होती. भाई जिथं, तिथं जायचं नाही.

लातूरला मॅच सुरू झाली. गुलामभाई रेषेच्या बाहेर उभा राहिला आणि त्याची सगळी टीम पलीकडच्या कडेला जाऊन चिकटली. अलीकडचं अर्धं मैदान मोकळं. लातूरची पोरं फिरायला आल्यासारखी तिथून आली आणि एक गोल करून गेली.

"अबे इकडं या! इकडं मोकळं हाय!"

तो जितका ओरडे, तितकी पोरं लांब सरकत. त्याच्या पुढ्यात थ्रो मिळाला, तर घ्यायला कुणी येईना.

"सोमेश, जा ना."

"मी गोलकीपर हाय. तू जा, कॅप्टन कोण हाय?"

साहेबराव फोन काढून दुसऱ्या कोचचा नंबर शोधायला लागले, तेही मोठ्यानं बोलत.

हाफटाइमला गुलामभाईची बायको दिलशाद पाण्याची बाटली घेऊन आली. "अजी, कोंबड्या खुराड्यात घालताना कुठं उभं राहता?"

"मागं."

"मग इथं बाजूला काय करून राहिलात?"

दुसऱ्या हाफला गुलामभाई लंगडत जाऊन आपल्याच गोलच्या मागं उभा राहिला. सोमेशनं मागं वळून बघितलं आणि गोल सोडून धूम ठोकली. त्याच्या पुढं बाकीचे दहा. अकराच्या अकरा लातूरच्या गोलवर कोसळले. त्या गर्दीत बॉल कुणाच्या तरी ढुंगणाला लागून आत गेला. एक-एक!

"ओ कोच! आपल्या जागेवर जा!" रेफ्री ओरडला.

"जातो साहेब. गुडघा हाय, टाइम लागंल."

तेवढ्यात लातूरचा सिद्धेश्वर बॉल घेऊन सुटला. समोर गोल रिकामा. पण जाळीमागं गुलामभाई डोळे वटारून उभा. सिद्धेश्वरनं मागच्या वर्षी त्याचा टॅकल खाल्ला होता. त्याची नडगी आपोआप ठणकली, आणि बॉल खांबाच्या हातभर बाहेरून गेला.

"काय रे, रिकामा गोल हुकला?" लातूरवाले बोंबलले.

"रिकामा? तिकडं बघा की कोण हाय!"

आता गोलकिक मारायला इकडं माणूस पाहिजे. गुलामभाई खांबापासून बाजूला झाला तसा अनस पळत आला, किक हाणली आणि आला तसा पळाला. पुढं लातूरच्या गोलसमोर सोमेश एकटाच उभा होता. गोलकीपरला कोण कशाला अडवतंय? त्यानं बॉलला डोकं लावलं. दोन-एक! थोड्या वेळानं शेवटची शिट्टी वाजली.

साहेबरावांनी फोन खिशात घातला. "काय चाल हाय राव! गोलकीपरच पुढं! आजपासून पक्के कोच तुम्हीच!"

पोरांना भाईला खांद्यावर घ्यायचं होतं. पण सगळी पाच हात लांब थबकली. मग गुलामभाईनं दुखऱ्या गुडघ्यानं कशीबशी मांडी घातली. मांडी घातलेला माणूस लाथ मारू शकत नाही, याची खात्री झाल्यावर पोरं धावली आणि त्याला वर उचललं.

"जिंकलो रे!" म्हणत गुलामभाईनं खुशीत हवेत पाय झाडला.

क्षणात अकराच्या अकरा पांगले. गुलामभाई धपकन मातीत.

आडव्यानंच त्यानं मान वर करून चौफेर बघितलं आणि ओरडला, "शाब्बास! असंच मैदानभर पसरायचं!"