चावी धुतली, वाघ अडकला

"आपल्याकडे सगळं काम कायद्याचं! चोरीचा मामला नाही!"

भरतकामाच्या दुकानातले मास्तर हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आणि कॉम्प्युटरला खोचलेली अंगठ्याएवढी चावी दाखवत. ही चावी लावली तरच डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायचं. काढली की कामकाज ठप्प! कोणी चोरून कॉपी करू नये म्हणून कंपनीनेच केलेला बंदोबस्त. मास्तरांना तिचा इतका अभिमान, की दुकान बंद करताना ते ती उपसून शर्टाच्या खिशात टाकत आणि तिजोरी घेऊन निघाल्यासारखे घरी जात.

शेजारच्या टोपीवाल्याकडे तेच सॉफ्टवेअर होतं, पण जुनं आणि ढापलेलं. त्याला चावीबिवी काही लागत नसे. "बिनचावीचा कारभार!" असं मास्तर त्याच्या तोंडावर म्हणत. तो हसून टोप्या शिवत राही.

एका सकाळी फुटबॉल संघाचा कॅप्टन आला. संघाच्या शर्टांवर वाघाचं तोंड भरायचं होतं; त्याने दिलेल्या चित्रावरून मास्तरांनी कालच कॉम्प्युटरवर डिझाइन करून ठेवलं होतं. सामना उद्यावर आलेला.

"मास्तर, वाघ जरा मोठा करा. संध्याकाळी न्यायला येतो."

"डरकाळी ऐकू येईल! निर्धास्त जा!"

कॅप्टन गेला आणि मास्तरांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा! तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की अंगातला शर्ट आजचा आहे. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, माझा कालचा शर्ट कुठाय?"

"मशीनमध्ये. धुऊन झाला, आता पिळला जातोय."

"थांबव! बंद कर! त्यात वाघ आहे!"

"अहो, बरे आहात ना?"

मास्तरीणबाई चावी घेऊन धावत आल्या. चावीतून फेस येत होता. कॉम्प्युटरने तिला ओळखसुद्धा दाखवली नाही. पण मास्तर डगमगले नाहीत. "कंपनी कशाला बसलीय?" म्हणत त्यांनी फोन फिरवला.

"ताई, चावी बंद पडलीय. नवीन पाठवा."

"आधी जुनी आमच्याकडे जमा करा, सर. मग महिनाभरात नवीन येईल."

"महिनाभर? अहो, सॉफ्टवेअर माझंच आहे ना?"

"तुमचंच आहे, सर. फक्त चावीशिवाय वापरता येणार नाही."

"म्हणजे बायको माझी, पण..." मास्तरीणबाईंनी डोळे वटारले, म्हणून ते उदाहरण अर्ध्यावरच राहिलं. "मग तक्रार लिहून घ्या! चावी बाद झाली, असं ठळक लिहा!"

"लिहिलं, सर."

इकडे मास्तरीणबाईंनी चावीला नुकत्याच न्हालेल्या पोरीसारखं हेअर ड्रायरखाली धरलं होतं. दुपारी ती पुन्हा खोचली आणि काय आश्चर्य, दिवा लागला!

"बघितलंस? अस्सल माल!" मास्तरांनी टाळी वाजवली.

सॉफ्टवेअर उघडता उघडता थबकलं, इंटरनेटवरून कंपनीला काहीतरी विचारून आलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'आपल्या तक्रारीनुसार ही चावी कायमची रद्द करण्यात आली आहे. धन्यवाद!'

मास्तरांनी पुन्हा फोन केला. "ताई, ती जिवंत झाली हो!"

"रद्द केलेली चावी पुन्हा चालू होत नाही, सर."

वाघ कॉम्प्युटरच्या पोटात कोंडला तो कोंडलाच.

"टोपीवाल्याकडे चला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मी? त्याच्या दारात? मेलो तरी जाणार नाही!"

"मरायचं ते नंतर बघू. आधी शर्ट!"

टोपीवाल्याने हसतच खुर्ची पुढे केली. पण त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मास्तरांची फाइल उघडेना. शेवटी कागदावरचं चित्र बघून त्याने नवाच वाघ काढायला घेतला. बिचाऱ्याचा हात लहान मुलांच्या टोप्यांवर बसलेला! वाघाचे गाल गुबगुबीत झाले, डोळे प्रेमळ झाले.

"मिशा जरा रागीट कर!" मास्तर ओरडले.

"मिशांना राग कसा आणायचा, मास्तर?"

वादाला वेळ नव्हता. दोन्ही दुकानांतली मशीनं धडधडू लागली.

संध्याकाळी कॅप्टनने शर्ट उलगडला आणि बराच वेळ न्याहाळला.

"मास्तर, ही मांजर कोणाची?"

टोपीवाला छताकडे बघू लागला. मास्तरीणबाई खाली पडलेले धागे वेचू लागल्या. मास्तरांनी मात्र छाती पुढे काढली.

"तोच तर डाव आहे! समोरचे मांजर समजून गाफील राहतील आणि तुम्ही झडप घालाल!"

कॅप्टनला ते भलतंच पटलं. शर्ट घेऊन तो खुशीत गेला.

दुसऱ्या दिवशी समोरचा संघ अजिबात गाफील राहिला नाही.