पत्ता देखणा करायला गेलो

वेबसाइटचा पत्ता जरा देखणा करावा, एवढंच ठरवलं होतं यार मी!

मैत्रेयी, म्हणजे माझी बायको, आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत मुलांसाठी मराठी वर्ग काढणार होती. सेक्रेटरीची अट एकच : त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत वीस नावं आली तर क्लबहाऊसची खोली वर्गाला, नाहीतर झुंबावाल्यांना. नावं घ्यायचा ऑनलाइन फॉर्म अर्थात मी बनवलेला. (आयटीतला नवरा फुकटात पडतो.) त्याचा पत्ता मात्र लांबलचक, आकडे आणि प्रश्नचिन्हांनी भरलेला. म्हणून दुपारी मी सर्व्हरला दोन नियम दिले. एक, जुन्या पत्त्यावर कोणी आलं तर त्याला 'मराठी-वर्ग' या नव्या पत्त्यावर पाठव. दोन, नव्यावर कोणी आलं तर गुपचूप जुन्यावर ने, कारण फॉर्म तर तिथेच होता ना! बिल्कुल क्लीन काम. मी खुशीत चहा घेतला.

पाच वाजता मैत्रेयी आली. "यतीन, अकरावरच अडकलंय. शेजारची चेतना म्हणते, पान उघडतच नाही."

"तिचं नेट स्लो असेल."

"अख्ख्या टॉवरचं?"

मी उघडून पाहिलं. ब्राउझरचं म्हणणं, मला फार वेळा इकडून तिकडे पाठवलं गेलंय. मी कॅशे पुसली, सर्व्हर बंद-चालू केला, वायफायवाल्याला शिव्या घातल्या. साडेपाच.

माझे सासरे भाऊसाहेब मिनिस्ट्रीतून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेत. ते पेपरमागून बोलले, "जावईबापू, होतंय काय नेमकं?"

"बाबा, ते टेक्निकल आहे. जुना पत्ता नव्याकडे पाठवतो, नवा परत जुन्याकडे, जुना पुन्हा..."

"अच्छा, म्हणजे फाइल! आमची एक सहा वर्षं फिरत होती. शेवटी मी शेरा मारला, 'एकदा पाठवून झाली आहे, पुन्हा पाठवू नये.' बसली गप्प."

मी हसलो. मग हसायचा थांबलो. मग तोच शेरा सर्व्हरच्या भाषेत पहिल्या नियमाला जोडला. एक ओळ! फॉर्म उघडला.

"फाइलींना तरी साध्या भाषेत कळायचं," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

बारा, पंधरा, एकोणीस. पाच अठ्ठावन्न झाले आणि मोबाइल गप्प. मैत्रेयीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काहीतरी टाइप केलं.

"वीस!" मी उडीच मारली. "कोण गं विसावं?"

"यतीन. वय एकतीस."

आता दर रविवारी सकाळी आठला मी शेवटच्या बाकावर असतो. वर्गाचा मॉनिटर मानस दुसरीत आहे. शेजाऱ्याशी बोललो की तो माझं नाव फळ्यावर लिहितो.