ढकलून बघणारे सोनवणे सर

सोनवणे सर कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी तिथला सोफा एका बोटाने ढकलून बघतात. सोफा अर्थातच हलत नाही. मग सर यजमानाकडे वळून विचारतात, "किती विरोध केला यानं?" यजमान बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन उभा. "मी जोर लावला तेवढाच!" असं स्वतःच उत्तर देऊन सर बसतात. एकदा माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तिथेही त्यांनी हे केलं. त्यानंतर आम्ही त्यांना असल्या ठिकाणी नेणं बंद केलं.

आम्ही दोघं सुरतेतल्या एका मराठी शाळेत शिकवतो. ते विज्ञान, मी मराठी. इकडच्या रिवाजाप्रमाणे मी सगळ्यांची 'बेन'. दोघंही मूळचे खानदेशातले, राहायला नवागामात एकाच गल्लीत. आमच्या मुलांचे बाप लूमवर, नाहीतर कापडबाजारात पोटली वाहायला. म्हणून सरांनी वर्गात कापडाचं एक भलंमोठं पोटलंच आणून ठेवलंय. त्याला ताणकाटा अडकवून पोरं ओढतात. काटा चढत जातो, पोटलं ढिम्म. आणखी थोडं ओढलं की ते एकदम सुटतं आणि काटा खाली उतरतो. "जागचं हलवायला जोर जास्त, चालतं ठेवायला कमी," सर ओरडतात. "सुटलं की स्वस्त!"

पण खरा संताप त्यांना येतो तो पेपर तपासताना. दहा किलोचं खोकं आहे, घर्षणांक ०.५, वीस न्यूटननं ढकललं, हललं नाही, तर घर्षण किती? पोरं सूत्र आठवतात, गुणाकार करतात आणि दणक्यात लिहितात, पन्नास. "अरे, पन्नास ही त्याची कमाल झाली!" स्टाफरूममध्ये माझ्यासमोर पेपर नाचवत सर म्हणतात. "तू वीसनं ढकललंस, तर तेही वीसनंच अडवणार. पन्नासनं अडवलं असतं तर खोकं तुझ्याच अंगावर नसतं का आलं, वेंधळ्या? आणि ढकललंच नाहीस, तर घर्षण शून्य!" वेंधळा अर्थात तिथे नसतो. ऐकून घ्यायला मी असते.

असा हा माणूस घरी मात्र एकटा. त्यांच्या लेकीनं, कवितानं, सहा वर्षांपूर्वी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात बरोबर काम करणाऱ्या गुजराती मुलाशी लग्न केलं आणि कामरेजला राहायला गेली. सरांनी बोलणं टाकलं. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून लेकीचा विषय निघाला की सरांचं एकच वाक्य, "माय गेली तरी फिरकली नाही." ते ऐकून गल्लीतल्या बायांनी कविताला काय काय नावं ठेवली! खोटं कशाला बोलू, मीही ठेवली.

यंदाच्या आखाजीला माझ्या दोन्ही मुली माहेरी आल्या होत्या. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला बापानं किंवा भावानं जाऊन लेकीला आणायचं असतं. मी सरांना जेवायला बोलावलं. पोरी हसत-खिदळत आमरस वाढत होत्या, आणि सर वाटीकडे बघत बसलेले. न राहवून मी म्हटलं, "सर, कविताला घेऊन या ना."

"ती येणार नाही. फार विरोध आहे तिचा."

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही बोलावून बघितलंत का एकदा तरी? ढकललंच नाही, तर विरोध किती ते कसं कळलं तुम्हाला? तुम्हीही पन्नासच लिहून मोकळे झालात!"

सर जेवण अर्धवट टाकून उठले. मी जीभ चावली, पण शब्द तर गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते कामरेजला गेले. संध्याकाळी माझ्याकडे आले आणि उंबऱ्यातच बसले.

"वाटभर भांडण पाठ करत गेलो होतो, बेन. तिनं दार उघडलं आणि नुसतं 'या आप्पा' म्हणाली. पाणी दिलं. घरात घागर मांडली होती, वर डांगर ठेवलेलं."

आखाजीला घागर भरून वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात ते गेलेल्या माणसांसाठी. कवितानं ती आईसाठी भरली होती.

"मी जेवलो. ताट उचलताना तिनं विचारलं, 'माय गयी तव्हय माले का बलायं नही, आप्पा?'"

मला आधी कळेचना. "म्हणजे? वहिनी गेल्या तेव्हा तुम्ही तिला कळवलंच नव्हतं?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. बापानं लेकीला कळवलं असेलच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

"हातात फोन होता, बेन. ती नाही म्हणेल आणि ते मला ऐकावं लागेल, म्हणून लावला नाही. हिनं जाता जाता दोनदा नाव घेतलं तिचं. मी म्हटलं, येतेय, रस्त्यात आहे."

एवढं बोलून ते माझ्या दारात लहान पोरासारखे रडायला लागले. माझ्या मुली आतून बाहेर आल्या. थोरलीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तशी ते आणखीनच रडू लागले.