नानांच्या दोन बोटी

आठ दिवसांनी नळ येतो त्या आमच्या धुळ्यातल्या कॉलनीत नानांनी मोटारबोट घ्यायचं काढलं. नाना माझे शेजारी, मोजणी खात्यातून निवृत्त. अर्ध्या बादलीत अंघोळ उरकणारा माणूस बोट घेणार म्हटल्यावर कॉलनीची फुकट करमणूक झाली.

कारण मात्र साधं होतं. अक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, माहेर धरणात गेलेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जाते. अक्कांच्या माहेराची वाट आता पाण्यावरूनच. आखाजी पंधरा दिवसांवर आली आणि नानांचं घोडं दोन बोटींपाशी अडलं.

दोन्ही जुन्या, धरणाकाठी विकायला ठेवलेल्या. दोन्ही चौदा फुटी, पाच माणसांच्या. एक पांढरी, निळ्या पट्ट्याची. दुसरी निळी, पांढऱ्या पट्ट्याची. मी म्हणालो, "नाना, चिठ्ठ्या टाका." तर भडकलेच. "बोट लेवानी शे, भेंडी नही!"

भेंडी तरी कुठे पटकन घेतात? एकेक शेंडा मोडून बघतात. त्यांना येताना पाहून भाजीवाली टोपली झाकते.

मग त्यांनी गच्चीवर टेप लावून खडूने दोन्ही बोटी काढल्या, अगदी मापाबरहुकूम. मला दोन पाहुण्यांच्या जागी बसवलं. वजन तेवढं भरतं म्हणे. "हालनी का?" नाना दर मिनिटाला विचारत. गच्ची कशी हलणार? दुसऱ्या दिवशी अक्कांनी पांढरीत पापड आणि निळीत कुरडया वाळत घातल्या. म्हणाल्या, "तुमन्या बोटी आते कामे उन्यात!"

आखाजीला तीन दिवस उरले तेव्हा माझाच धीर सुटला. नाना धरणावरून आले ते थेट गच्चीवर. विचारलं, "ठरलं का एकदाचं?"

"निळी. आज दोन्हीमा फिरी उनू."

"तिच्यात असं काय जास्त आहे?"

नाना कुरडया बाजूला सारून खाली बसले.

"गाव व्हतं तवय मी तिले आखाजीले कधी धाडं नही. माले एकलाले करमे नही. ती माहेरन्या गोठी सांगे, मी पेपर वाचू."

मला वाईट वाटलं.

"निळीनं इंजिन हळू बोलस," नाना म्हणाले. "तठे ती माले हात करीसन दखाडी, हाई कोनं घर, ती कोनी विहीर. आते तरी माले ऐकू येवाले पाहिजे."