चादरीखालची चक्की

समजा, बाळांनो, तुमच्या घरातली सगळ्यांत मोठा आवाज करणारी वस्तू लपवायची आहे, आणि तीही माणसं दारात यायच्या आत. काय कराल? मंगरूळपीरच्या माणिकरावांवर हीच वेळ आली होती. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की होती, आणि कर नव्यानं ठरवण्यासाठी नगरपरिषदेची माणसं गल्लीतली घरं मोजत पुढं पुढं सरकत होती.

"चक्की दिसली का कर वाढलाच!" माणिकराव येरझारा घालत म्हणाले. "मंग चक्की चालवाले परवडन का?"

"पन बाबा, चक्की तं हायेच ना आपली. लपवता काहून?" त्यांच्या लेकीनं, वैभवीनं विचारलं.

"शाळेतले प्रश्न शाळेत इचार. ते गोदडी दे इकडं."

त्यांनी चक्कीवरचा धान्याचा डबा उतरवला, लांब फळी आडवी टाकली, तिच्यावर गोदड्या आणि वर पांढरी चादर. दुरून पलंग वाटावा. पण पिठाचा वास कुठं लपतो? म्हणून उदबत्त्या लावल्या. शटर अर्धं ओढलं आणि डोक्याला हात लावून शेजारीच बसले.

तेवढ्यात शेजारच्या हुस्नाबानो गहू दळायला घेऊन शटरखालून वाकल्या. त्यांनी चादर पाहिली, उदबत्त्या पाहिल्या, माणिकरावांचा चेहरा पाहिला. गहू सांडले.

"या अल्ला! भाऊ, रंगूबाई गेल्या का हो? काल तं माह्यासंगं बोलल्या!"

रंगूबाई म्हणजे माणिकरावांची आई. ती सकाळीच अनसिंगला लेकीकडं गेली होती. ते सांगायला माणिकरावांनी तोंड उघडलं. पण मग चादरीखाली कोण, हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी तोंड मिटलं. हुस्नाबानोंना ते दुःख वाटलं, आणि त्यांनी हंबरडा फोडला.

बघता बघता गल्ली जमली. एवढ्या दुःखात चक्की कुठं गेली, हे कोणाच्या मनात येणार? बाया रडू लागल्या, पुरुष बाहेर लाकडांची चौकशी करू लागले. मोजमाप घेणाऱ्या मंजुषा मॅडम आल्या, त्याही फीत मुठीत धरून मान खाली घालून उभ्या राहिल्या.

इतक्यात अनसिंगहून परतलेली रंगूबाई जीपमधून उतरली. आपल्याच दारात रडारड! आधी रडायचं, मग विचारायचं, ही तिथली रीत. तिनं हुस्नाबानोंच्या गळ्यात पडून गळा काढला.

"कसं झालं वं माय? कोन गेलं?"

"रंगूबाई गेल्या!" हुस्नाबानो डोळे न उघडताच म्हणाल्या.

"अवं माय वं! लई चांगली होती बिचारी!" रंगूबाई म्हणाली, आणि मिठी सोडून स्वतःकडंच बघू लागली.

हुस्नाबानोंनी डोळे उघडले.

"म्या मेली अन् मलेच सांगतलं नाई?" रंगूबाई लेकाकडं वळली.

"मंग चादरीखाली कोन हाये?" हुस्नाबानो मागं सरकत कुजबुजल्या.

"कोनी नाई," माणिकराव पुटपुटले.

मंजुषा मॅडमनी सुस्कारा सोडला. "बरं झालं. मंग दादा, मी बंद दुकान लिवते. शटर रस्त्याकडं हाये ना, त्याले पुरा कर."

"पुरा?"

"हो. घरच्याच मानसानं चालवलेला लहान धंदा असता तं अर्धा लागला असता. आतापावतो तुमाले अन् मागच्या त्या सोयाबीनच्या गोदामाले सारखाच कर होता. हा काय न्याय झाला? तेच नीट करून राह्यलो आमी. पन धंदा चालू दिसाले पायजे."

माणिकरावांनी चादरीकडं पाहिलं, जमलेल्या गल्लीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. खरं बोलावं तर लाज, न बोलावं तर पुरा कर.

"लिवू ना मंग?" मंजुषा मॅडमनी पेन उघडलं.

वैभवी उठली. रडून दमलेल्या बायांमधून वाट काढत भिंतीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि चक्कीचं हिरवं बटण दाबलं.