मागचा आस ताठ पाहिजे!

आपल्या सायकलचा मागचा आस बदलावा तर तो मीच! असं मी नुसतं मनात म्हटलं नाही, बायकोच्या, नुबियाच्या, तोंडावर म्हटलं.

कारणही तसंच होतं. माझी डोंगरात चालवायची सायकल वळणावर मागून अशी डुलायची, की पुढचं चाक घरी निघालंय आणि मागचं सासुरवाडीला! गेल्या जत्रेत उताराच्या शर्यतीत मी शेवटचा आलो. यंदा नुबियाने निर्वाणीचं सांगितलं, "अहो, पुन्हा शेवटचे आलात, तर सायकल बैठकीतून थेट कोंबड्यांच्या खुराड्यात!"

"अगं, दोष माझा नाही, आसाचा आहे!"

"दाजी, आस बदलला की पायात जोर येतो होय?" मेव्हणा येइसन खिदळला.

लोकांना नोकरीची आस लागते, घराची लागते. मला या लोखंडी आसाने झपाटलं! जुना आस पेन्सिलीहून बारीक. त्याच्या जागी दहा मिलिमीटरचा भरीव पोलादी घातला, की मागचा भाग कसा ताठ! मी तडक डॉन आन्सेल्मोंच्या (आमच्याकडे 'डॉन' म्हणजे 'राव', गुंड नव्हे!) लेथवर गेलो. गावातल्या सगळ्या जीपगाड्यांचे आस तेच घडवतात.

"जत्रेसाठी मागचा आस ताठ हवाय. अजिबात लवता कामा नये!"

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. "जत्रेसाठी? सायकलचा? मास्तर, नक्की ना?"

"एकदम नक्की!"

त्यांचे डोळे पाणावले. "छाती आहे तुमची!" म्हणाले. मला वाटलं, कारागीर माणूस, हळवा असायचाच.

जत्रेच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर गेलो. तिथल्या बाईंनी यादी चाळली.

"उताराच्या शर्यतीत तुमचं नाव नाही, मास्तर. तुम्ही यिपावमध्ये आहात. डॉन आन्सेल्मोंनी स्वतः नोंदवलंय!"

मी यादीच ओढून घेतली. यिपावमध्ये जीपगाडीच्या मागे घरभर सामान लादतात आणि पुढची चाकं हवेत उचलून ती नुसत्या मागच्या चाकांवर चौकातून पळवतात; ज्याची चाकं सगळ्यात उशिरा टेकतील, तो पहिला. जत्रेसाठी मागचा आस ताठ करायचा, तो आमच्याकडे फक्त याच कामासाठी! दुसरं कारण आजवर कुणाला सुचलेलंच नव्हतं.

"अहो बाई, पण माझी सायकल आहे!"

"म्हणून तर सगळं गाव लोटलंय!"

"मला उताराच्या यादीत घाला हो!"

"ती शर्यत सुटलीसुद्धा."

समोर नुबिया हाताची घडी घालून उभी. "न धावता परत आलात, तर तेही शेवटचंच धरीन हं!"

मग काय! डॉन आन्सेल्मोंनी सायकलच्या मागे बांबूची ताटी बांधली. लोक हौसेने धावले. कॉफीचं पोतं आलं, केळीचा घड आला, दोन खुर्च्या, एक गादी, संत अंतोनियोची तसबीर, आणि सगळ्यांच्या वर एक पिंजऱ्यातली कोंबडी! पुढचं चाक आपोआप उचललं गेलं आणि मी हँडलला लोंबकळलो.

"मास्तर, मारा पायडल!"

मारलं! शेजारून दोन जीपगाड्या गुरगुरत निघाल्या. एकीची चाकं कारंज्यापाशी खाली आली, दुसरीची चर्चपाशी. माझं चाक येईचना! लोकांना वाटलं, काय हे कसब! मी तर ते खाली आणायला जिवाचं रान करत होतो. पण मागचं पोलाद तसूभर लवेल तर शपथ!

"थांबवा!" मी बोंबललो.

"थांबवू नका म्हणतायत!" गर्दीने गजर केला.

शेवटी बुन्युएलोवाल्याच्या दुकानात, तळलेल्या गोळ्यांच्या टोपलीत शिरलो, तेव्हा कुठे थांबलो.

पहिला नंबर! अहो, पहिला! छाती नुसती फुटायची बाकी होती. येइसन चिखलाने माखून उतारावरून आला, तेव्हा मी लोकांच्या खांद्यावर होतो.

"दाजी, पहिले? कुठल्या शर्यतीत?"

"पहिल्या नंबराला असलं विचारत नाहीत, लेका!"

नुबिया शब्दाला पक्की. सायकल बैठकीतच राहिली, अगदी मधोमध, विणलेल्या रुमालावर. गाव बघायला येतं. नुबिया सगळ्यांना कॉफी देते, खाली वाकून आस दाखवते. आणि मी नुसता हात लावायला गेलो, की ओरडते, "अहो, लांब व्हा! पहिल्या नंबराची सायकल आहे ती, चिखलात न्यायची नाही!"

शाळा तीन किलोमीटरवर आहे. मी हल्ली पायी जातो.