मारोतीमामाच्या तीन मिरच्या

लोक शर्टाच्या वरच्या खिशात पेन ठेवतात. मारोतीमामा वाळलेल्या लाल मिरच्या ठेवतो. मोजून तीन.

मी कोंबड्यांच्या कंपनीचा सुपरवायझर. लोह्याजवळच्या त्याच्या शेडवर दर आठवड्याला जातो. कोंबड्या आजारी पडल्या की त्यांच्याखाली पसरलेल्या भुशाच्या धुळीतून तो आजार माणसाच्या छातीत शिरतो, हे मामाला सांगावं लागत नाही. उलट तोच येईल त्याला ऐकवतो, "तुमी नाक सांभाळा, बाकीचं मी बघतो!"

नाक सांभाळलंय की नाही हे बघायची त्याची तऱ्हा मात्र जगावेगळी. फाटकाबाहेर घमेल्यात निखारे. समोर सहा मजूर रांगेत, तोंडाला जाड मास्क, डोळ्यांना गॉगल. मामा आधी चिमूटभर माती उडवून वारा बघतो आणि मग निखाऱ्यांवर मिरच्या टाकतो. ज्याला ठसका लागला त्याचा मास्क ढिला. पट्टी आवळायची आणि पुन्हा रांगेत. मीही यातून सुटलो नाही. पहिल्या दिवशी असा खोकलो की शेडमधल्या कोंबड्या गप्प झाल्या.

नामदेव नावाचा गडी एकदा सलग तीनदा नापास झाला. मामानं जवळ जाऊन पाहिलं, तर पठ्ठ्यानं बिडीसाठी मास्कला बोटभर भोक पाडलेलं!

"आरं, खिडकी केलास व्हय? मग परदा बी लाव की!"

नामदेवला नवा मास्क मिळाला. जुना मामानं फाटकावर खिळ्यानं ठोकला. नामदेव आता त्याच्याखाली उभा राहून बिडी ओढतो.

मामाचा नवा जावई छान कोरलेली दाढी घेऊन शेड बघायला आला. दाढीवर मास्क काही बसेना. मामानं हात जोडले, "जावईबापू, राग मानू नका. दाढी न्हाई तर शेड, एक कायतरी निवडा." आणि ताटात साबण-वस्तरा ठेवून पुढं केला. जावयानं शेड पाहिलं, पण नंतर दोन दिवस सासऱ्याशी बोलला नाही.

शेजारच्या तालुक्यात कोंबड्या मरत असल्याची बातमी आली, तेव्हा तर कहर झाला. मिरच्या दिवसातून दोनदा जळू लागल्या. एका सकाळी मामानं माती उडवली, वारा बघितला आणि पेटतं घमेलं उचलून थेट रस्त्यापलीकडं नेऊन ठेवलं. तिकडून सगळा धूर गेला एका साखरपुड्याच्या मांडवात. नवरी रडली, नवरा रडला, भटजी मंत्र सोडून शिंकू लागले. मुलाकडचे आपसात म्हणाले, "मुलीकडची माणसं लई हळवी हायत."

मांडवातल्यांची समजूत घालून मी मामावर उखडलो. "मामा, घमेलं रोजच्या जागी ठेवायला काय झालं होतं?"

"वारा घराकडं व्हता," तो म्हणाला. "चला सायेब, जेवून घ्या."

शेडला लागूनच असलेल्या घराच्या दारात त्यानं खिशातल्या मिरच्या काढून बाहेरच्या ओट्यावर दगडाखाली ठेवल्या. मामींनी ताट वाढलं. बिनफोडणीचं वरण, उकडलेला भोपळा. भाकरीसोबत ठेचा असेल म्हणून मी ताटभर नजर फिरवली. मारोतीमामाच्या घरात तिखट नाही!

मामी हसल्या. हसतानाही त्यांना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला.

"भाऊ, सहा वर्सं झाली, ह्या घरात फोडणी न्हाई. धूर झाला की माझा दम भरतो. पाखरं आजारी व्हती, तवा मी शेड झाडलं. दीड महिना दवाखान्यात व्हते."

"मास्क नव्हता?"

मामींनी मामाच्या ताटात वरण वाढलं. मामा भाकरीचा तुकडा वरणात बुडवत राहिला.

"हिनं मागितला व्हता," तो शेवटी म्हणाला. "मीच म्हणलं, पदर लाव, बास हाय."

ज्या धुरापायी मी त्याला सगळ्यांदेखत झापलं, तो त्यानं या बाईच्या श्वासापासून लांब नेला होता.

दुपारी पुन्हा रांग लागली. मामानं माती उडवली, वारा बघितला, मिरच्या टाकल्या. कुणालाच ठसका लागला नाही, मलाही नाही. फक्त गॉगलच्या आत माझे डोळे भरून आले. मामा धावत माझ्याकडं आला आणि दोन्ही हातांनी गॉगलची पट्टी आवळू लागला.

"ढिला हाय सायेब, ढिला हाय."

"हाव मामा," मी म्हणालो. "ढिलाच हाय."